मायफळापासून कॉफीपर्यंत

मराठी घरात मूल जन्मास आले की सहाणेवर बाळगुटी उगाळण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा यांच्या पंक्तीत एक लहानसे, गोल, खडबडीत आणि चवीस अत्यंत तुरट असे द्रव्य असते. त्यास मायफळ म्हणतात. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. पश्चिम आशियात वाढणाऱ्या ओक जातीच्या एका झाडाच्या कोवळ्या डहाळीवर गांधीलमाशीच्या कुळातील एक बारीक कीटक अंडे घालतो. त्या ठिकाणी डहाळी फुगून जी गाठ बनते ती मायफळ. ही गाठ आजीच्या बटव्यात जशी होती, तशीच ती छायाचित्रकलेच्या पाळण्यापाशीही होती, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

इ. स. १९९५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील तंत्रशिक्षणसंस्थेत डॉ. स्कॉट विल्यम्स यांच्या छायाचित्र-रसायनाच्या वर्गाने असे दाखवून दिले की, बाजारात मिळणाऱ्या विरघळणाऱ्या कॉफीत सोड्यासारखा क्षार मिसळला असता त्या काढ्यात कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा उमटविता येते. ‘फोटो टेक्निक्स’ नावाच्या मासिकात त्याच वर्षी ती हकीकत प्रसिद्ध झाली. रॉचेस्टर हे कोडॅक कंपनीचे माहेरघर. ज्या गावाने शंभर वर्षे साऱ्या जगास तयार रसायनांची पाकिटे पुरविली, त्याच गावी कॉफीच्या बरणीने ते काम करून दाखवावे, हा योग मौजेचा खरा. पुष्कळांनी ती एक गंमत समजून सोडून दिली. परंतु या विद्येचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे त्यात गमतीपेक्षा पुनरागमनाचा भाग अधिक दिसतो.

प्रकाशाने काळे पडणे हा चांदीच्या क्षारांचा गुण अठराव्या शतकातच माहीत झालेला होता. १८०२ साली टॉमस वेजवुड आणि हंफ्री डेव्ही यांनी सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर व पांढऱ्या कातड्यावर पानांच्या आणि काचचित्रांच्या छाया उमटविल्या. कागदापेक्षा कातडे अधिक त्वरेने काळवंडते, असेही त्यांस आढळले. मात्र उमटलेली छाया टिकविण्याचा उपाय त्यांस सापडला नाही. पुढे १८३९ मध्ये जोसेफ बँक्रॉफ्ट रीड नावाच्या, सूक्ष्मदर्शकाचा नाद असलेल्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने हाच धागा उचलला. कातडे कमावताना तुरट द्रव्ये वापरतात. तेव्हा कातड्याचा गुण त्या तुरटपणात असावा, असा त्याचा तर्क होता. रीडने उत्तर आयुष्यात सांगितलेली एक आठवण अशी की, पत्नीचे फिकट रंगाचे कातडी हातमोजे त्याने प्रयोगात खर्ची घातले. दुसरा जोड मागताच तिने तो देण्याचे नाकारले. तेव्हा, ‘मग कागदच कमावतो,’ असे म्हणून त्याने कागदास मायफळाचा काढा लावला. आठवणी सांगताना रीडने आपल्या प्रयोगांचा काळ दोन वर्षे मागे नेला, हे खरे. परंतु मायफळाचा उल्लेख असलेले त्याचे १८३९ मधील पत्र उपलब्ध आहे. त्या पत्नीच्या नकाराचे श्रेय कोणी तिला दिलेले नाही.

तथापि खरा चमत्कार घडला तो विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याच्या हातून, सप्टेंबर १८४० मध्ये, लॅकॉक ॲबी येथील त्याच्या राहत्या वाड्यात. तोवर कॅमेऱ्यात कागद ठेवून चित्र डोळ्यांस दिसेपर्यंत वाट पाहावी लागे आणि त्यास पुष्कळदा तासाच्या हिशेबाने वेळ लागे. मायफळातील गॅलिक आम्ल हे शेले या रसायनज्ञाने १७८६ मध्येच वेगळे काढले होते. ते आम्ल सिल्व्हर नायट्रेटबरोबर मिसळून टॅल्बट निरनिराळे कागद पारखून पाहत होता. त्याने पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, एका कागदावर काहीच उमटले नाही म्हणून त्याने तो अंधारात बाजूस टाकला. काही वेळाने परत येऊन पाहतो तो कागदावर पूर्ण चित्र! प्रकाशाने आपले काम आधीच केलेले होते. ते डोळ्यांस दिसत नव्हते, इतकेच.

या न दिसणाऱ्या चित्रास ‘सुप्त प्रतिमा’ म्हणतात. ज्या गृहिणीने दुधास विरजण लावले आहे तिला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज पडू नये. विरजणाचा थेंब घातला त्या क्षणी दूध दूधच दिसते. परंतु ते पूर्वीचे राहिलेले नसते. चांदीच्या क्षाराच्या कणावर प्रकाश पडला की चांदीच्या मोजक्या अणूंचा एक बिंदू तेथे बनतो. प्रतिमा उमटविणारे द्रावण, म्हणजे ज्यास डेव्हलपर म्हणतात ते, अशा बिंदूभोवती चांदी वाढविते आणि ज्या कणांवर बिंदू नाही त्यांस सोडून देते. या निवडीतच सारी विद्या आहे. दोन्हींस सारखेच काळे करणारी द्रव्ये पुष्कळ मिळतात; ती निरुपयोगी होत.

टॅल्बटच्या शोधाने तासांचे काम मिनिटांवर आले आणि माणसाचे चित्र कागदावर काढणे शक्य झाले. ८ फेब्रुवारी १८४१ रोजी त्याने या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेतले. येथून मायफळाची गोष्ट घरातून कचेरीत व पुढे न्यायमंदिरात गेली.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कलोडियनचा लेप देण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली व तिच्यावर पेटंट घेतले नाही. त्या पद्धतीत प्रतिमा उमटविण्यास पायरोगॅलिक आम्ल लागे, आणि हे आम्ल मिळते गॅलिक आम्लास उष्णता देऊन. टॅल्बटचे म्हणणे पडले की, दोन्ही द्रव्ये एकाच मायफळाची लेकरे. सबब कलोडियनदेखील आपल्याच पेटंटात येते. हौशी लोकांस त्याने १८५२ मध्ये मोकळीक दिली होती. धंदेवाईक चित्रकारांस मात्र परवान्याचे पैसे मागितले. लंडनचा एक छायाचित्रकार मार्टिन लारोश याने ते नाकारले. डिसेंबर १८५४ मध्ये सर जॉन जर्व्हिस यांच्यापुढे खटला चालला. लारोशच्या बाजूने साक्ष देण्यास रीड उभा राहिला, आणि बारा ज्यूरर लोकांस गॅलिक व पायरोगॅलिक यांतील भेद ऐकत बसावे लागले. निकाल असा झाला की, कॅलोटाइपचा पहिला शोधक टॅल्बटच. पण लारोशने त्याच्या हक्कावर आक्रमण केलेले नाही. टॅल्बटने पेटंटाची मुदत वाढवून घेण्याचा नाद सोडला आणि १८५५ मध्ये ते संपुष्टात आले. टॅल्बटने स्वतःचे द्रव्य व आयुष्याची वर्षे या कामी वेचली होती, हे विसरून त्यास केवळ लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु तुरट द्रव्याचा काढा करून प्रतिमा उमटविण्याच्या युक्तीवर एकाच गृहस्थाची सत्ता चालू राहिली असती, तर ही कला इतक्या हातांत गेली नसती, हेही तितकेच खरे.

या खटल्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रमुख सभासदांपैकी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग उघडला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन टॉमस बिग्ज यास विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारती टिपण्याच्या कामावर नेमले. बिग्ज कॅलोटाइप पद्धतीने काम करी. कलोडियनमधील ईथर उन्हाळ्यात भराभर उडून जाते आणि ओली काच वाळण्यापूर्वी सारे उरकावे लागते. कागदास तशी घाई नसते. यामुळे विलायतेत मागे पडू लागलेला कागद हिंदुस्थानात आणखी काही वर्षे टिकून राहिला. गोलघुमटाच्या त्या आरंभीच्या चित्रांवर काळसर तपकिरी छटा चढली ती मायफळाच्या आम्लाने. ज्या मुलखात ती चित्रे उमटली त्या मुलखातील आया तेच मायफळ त्या वेळी सहाणेवर उगाळीत होत्या. पण या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख झाली नाही.

काचेच्या काळात छायाचित्रकाराची खोली वाण्याच्या दुकानासारखी दिसू लागली. १८५० पासून छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने लेपला जाई. प्रतिमा उमटविण्यास काही जण हिराकस वापरीत, म्हणजे ज्याने मायफळाच्या काढ्याची शाई होते तेच हे द्रव्य. काच वाळवून जपून ठेवता यावी म्हणून १८५५ नंतरच्या दहाबारा वर्षांत लोकांनी तिच्यावर काय काय ओतून पाहिले, याची यादी वाचून हसू येते. कोणी मध लावला, कोणी साखर, कोणी डिंक. मेजर चार्ल्स रसेल याने १८६१ मध्ये टॅनिन सुचविले. इतरांनी चहा, बिअर आणि कॉफीदेखील वापरली.

म्हणजे कॉफी अंधारखोलीत येऊन पोहोचली होती! मग तिच्याकडून प्रतिमा उमटवून घेण्याचे कोणास का सुचले नाही? याचे एक कारण रसायनाचे आहे. त्या काळी प्रतिमा उमटविण्याचे द्रावण आंबट असे. काचेवर राहिलेल्या सिल्व्हर नायट्रेटातील चांदी त्यामुळे सुटून बिंदूंवर येऊन बसे. कॉफीतील कार्यकारी द्रव्य आंबट द्रावणात जवळजवळ निजलेले असते. त्यास जागे करण्यास क्षार लागतो. १८६२ च्या सुमारास त्याच मेजर रसेलने पायरोगॅलिकमध्ये अमोनिया मिसळला असता काचेतील चांदीचा कणच आतून पालटतो आणि वेळ फार वाचतो, हे दाखविले. किल्ली हाती आली. पण तोवर पायरोगॅलिकची बाटली दुकानात मिळत होती, आणि कॉफीच्या कुलपास ती किल्ली लावून पाहण्याची कोणास निकड राहिली नव्हती.

पुढची हकीकत कारखान्यांची आहे. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये जिलेटिनाची काच सुचविली, कॅप्टन ॲबनीने १८८० मध्ये हायड्रोक्विनोनचा गुण ओळखला, १८९१ मध्ये मेटॉल आणि रोडिनाल ही जर्मन द्रव्ये आली. डांबरापासून रंग काढणाऱ्या कारखान्यांनी मायफळास निवृत्त केले. छायाचित्रकारास आपले द्रावण कशाचे आहे हे जाणण्याची गरज उरली नाही. डबीवर लिहिल्याप्रमाणे पाणी घातले की झाले. दादासाहेब फाळके यांनी १९१२-१३ मध्ये दादरच्या राहत्या घरी ‘राजा हरिश्चंद्र’ सिद्ध केला, तेव्हा घर अंधारखोली बनले. सरस्वतीबाई काळोखात बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत आणि रसायने मिसळण्याच्या कामीही हात देत. परंतु फिल्म विलायतेची आणि रसायनेही कारखान्याचीच. घर होते, गृहिणी होती. मात्र घरातील द्रव्ये नव्हती.

आता कॉफीकडे वळू. कॉफी म्हटले की लोकांस कॅफीन आठवते. पण या कामात कॅफीनचा काही उपयोग नाही. काम करतात ती क्लोरोजेनिक व कॅफेइक ही आम्ले. गॅलिक आम्लाच्या बेंझीनच्या षट्‌कोनी कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी बसलेले असतात. कॅफेइक आम्लाच्या कड्यावर तसेच दोन. चांदीस प्राणवायूच्या किंवा हॅलोजनच्या बंधनातून सोडविण्याची शक्ती या शेजारातून येते. तेव्हा मायफळ आणि कॉफी ही एकाच कुळातील भावंडे होत. पिण्यास ज्या रोबस्टा जातीस लोक हलकी समजतात तिच्यात क्लोरोजेनिक आम्ल अरेबिकापेक्षा अधिक असते. म्हणून अंधारखोलीत स्वस्त व कडवट कॉफीचाच मान मोठा. चिकोरी मिसळलेली पूड मात्र टाळलेली बरी, कारण तिच्यात जितकी चिकोरी तितकी कॉफी कमी.

नुसती कॉफी आणि सोडा यांनी प्रतिमा उमटते खरी, परंतु सावकाश, आणि फिल्मवर तपकिरी डाग राहतो. काही वर्षांत हौशी लोकांनी त्यात क जीवनसत्त्व मिसळले व काम पुष्कळच सुधारले. ॲस्कॉर्बिक आम्लाचा हा गुण १९३५ च्या सुमारास जर्मनीत नोंदला गेलेला होता, आणि कोडॅकनेही १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या एक्सटॉल या द्रावणात त्याच द्रव्याचा उपयोग केला. दोन्ही द्रव्ये एकत्र आली असता एकेकटीच्या बेरजेहून अधिक काम करतात. सर्वत्र चालणारे प्रमाण असे: एक लिटर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड १६ ग्रॅम व विरघळणारी कॉफी ४० ग्रॅम, पाण्याची उष्णता २० अंश सेंटिग्रेड आणि वेळ सुमारे १५ मिनिटे. मुंबईच्या उन्हाळ्यात २० अंश साधण्यास बर्फाचा आधार घ्यावा लागतो. सोडा आधी विरघळवावा, मग क जीवनसत्त्व, शेवटी कॉफी. द्रावण फार वेळ टिकत नाही. केल्यावर लागलीच वापरावे. खाण्याचा सोडा याच्या जागी चालत नाही. परंतु तो कोरडा भाजला तर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन १०० ग्रॅमचा सुमारे ६३ ग्रॅम धुण्याचा सोडा होतो. या द्रावणास जो वास येतो त्याचे वर्णन न केलेले बरे. कॉफीच्या सुगंधाची आशा धरून कोणी या कामास लागू नये.

इतका खटाटोप कोणी का करावा? २००४ मध्ये इल्फर्डची कंपनी दिवाळखोरीच्या दारी गेली व कामावरच्या अधिकाऱ्यांनी ती सावरली. २००५ मध्ये आग्फाफोटोचे दिवाळे निघाले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने न्यायालयात संरक्षण मागितले. उटीजवळचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला होता. त्याची ‘इंदू’ नावाची फिल्म एके काळी गावोगावच्या स्टुडिओत असे. तोही आता बंद आहे. एकेका गावात फिल्मचे रसायन विकणारे शेवटचे दुकान मिटले, तेव्हा घरातील कपाटात पडलेल्या, कोणाच्या लग्नाची वा मुंजीची प्रतिमा पोटात घेऊन बसलेल्या फिल्मचे काय करावे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाही. सुप्त प्रतिमा वर्षानुवर्षे टिकते, पण हळूहळू विरत जाते. पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगीत फिल्मचे मूळ रसायन आज मिळत नसले, तरी कॉफीच्या काढ्यात तिच्यावरून कृष्णधवल निगेटिव्ह पुष्कळदा हाती येते. आजोबांचा चेहरा रंगाविना दिसला, तरी दिसतो.

कॉफीच्या भक्तांचे सर्वच दावे मात्र मान्य करता येत नाहीत. ‘सारे काही स्वयंपाकघरातून’ असे ते म्हणतात. पण फिल्म कारखान्यातूनच यावी लागते. तिच्यातील जिलेटिन, चांदी व पट्टी कोणास चुलीवर करता येत नाही. ‘निसर्गास निरुपद्रवी’ हा दावाही अर्धाच खरा. हायड्रोक्विनोन व मेटॉल यांच्याहून कॉफी सौम्य आहे, यात संशय नाही. तथापि विषाचा मोठा अंश प्रतिमा उमटविण्याच्या द्रावणात नसून फिल्म पक्की करणाऱ्या हायपोत विरघळलेल्या चांदीत असतो, आणि तो हायपो मोरीत ओतला तर कॉफी वापरल्याचे पुण्य तेथेच संपते. शिवाय धुण्याच्या सोड्याचे द्रावण हातास जाळते. ज्या भांड्यात हा काढा केला ते पुन्हा चहाकॉफीस वापरू नये, आणि बरणीवर ठळक चिठ्ठी लावावी. कॉफीचा रंग पाहून फसणारी माणसे घरात असतातच.

हायपोवाचून चालवावयाचे असेल तर टॅल्बटचाच आणखी एक उपाय आहे. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शल याने १८१९ मध्ये पाहिले होते व १८३९ मध्ये त्याने ते टॅल्बटला सांगितले. त्यापूर्वी टॅल्बट आपली चित्रे साध्या मिठाच्या दाट पाण्याने स्थिर करीत असे. फिल्मच्या बाबतीतही मिठाचे तृप्त द्रावण काही अंशी काम देते. फक्त हायपोस जे काही मिनिटांत साधते त्यास मिठास पुष्कळ तास, पुष्कळदा एक दिवसही लागतो. फिल्म रात्री मिठाच्या पाण्यात बुडवून, डबा घट्ट झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहतात.